नवारोहकाची प्रगती : तुलनेचे मानदंड आणि त्यांच्या मर्यादा

कोणतेही कौशल्य नव्याने आत्मसात करू पाहणाऱ्या मनुष्यास दोन प्रश्न पडतात. ‘मला हे जमेल काय?’ हा पहिला, आणि ‘इतरांच्या मानाने मी कोठे आहे?’ हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कृतीतून मिळते. दुसऱ्याचे उत्तर शोधावे लागते. आणि ते शोधताना तुलना कोणाशी करावयाची, कोणत्या मापाने करावयाची व कशासाठी करावयाची, ह्या तीन गोष्टी सहसा तपासल्या जात नाहीत. प्रस्तुत लेखात प्रस्तरारोहण शिकू लागलेल्या विद्यार्थ्याच्या संदर्भात ह्या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. विषय वरवर पाहता लहान वाटेल. परंतु चुकीच्या तुलनेमुळे होतकरू आरोहक निराश होऊन हा छंद सोडतात, काही जण बोटांस कायमची इजा करून घेतात, आणि क्वचित प्रसंगी ज्याच्या हाती दोर देऊ नये त्याच्या हाती तो दिला जातो. तेव्हा ह्या प्रश्नाची व्यावहारिक बाजू गंभीर आहे हे मान्य करावे लागेल.

वाशिम जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा प्रश्न अधिकच अवघड होतो. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा दख्खनच्या पठारावर वसलेला आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगांचे फाटे येथे पसरले असले, तरी पश्चिम घाटातील कड्यांशी त्यांची तुलना होऊ शकत नाही. सह्याद्रीतील कडे व सुळके येथून शेकडो किलोमीटर दूर आहेत. सातपुड्यातील नरनाळा व गाविलगड हे त्या मानाने जवळचे डोंगरी किल्ले. त्यामुळे ह्या भागातील विद्यार्थी दोर प्रथम हाती धरतो तो बहुधा एखाद्या शिबिरात, आणि तेथे त्याच्या शेजारी पुण्या-मुंबईचे असे सोबती असतात, की ज्यांचे शनिवार-रविवार कड्यांवर जातात. शिबिर संपल्यावर तो आपल्या गावी परततो. मग तुलनेसाठी त्याच्यापुढे एक तर कोणीच नसते, किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिसणारे जगज्जेते असतात. दोन्ही परिस्थितींत स्वतःचे मोल चुकीचे ठरण्याचा संभव अधिक.

तुलना अटळ का?

‘दुसऱ्याकडे पाहू नकोस, आपले काम कर’ असा उपदेश शिक्षक नेहमी करतात. मानसशास्त्राच्या दृष्टीने तो अपुरा आहे. लिऑन फेस्टिंगर ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये सामाजिक तुलनेचा सिद्धान्त मांडला. त्याचा आशय असा, की आपली मते व आपल्या क्षमता बरोबर जोखण्याची प्रेरणा मनुष्यात असतेच. जेथे वस्तुनिष्ठ माप उपलब्ध नसते तेथे तो इतर माणसांचा मापासारखा उपयोग करतो. आणि अशी तुलना करताना तो आपल्यापासून फार भिन्न असलेल्यांऐवजी आपल्यासारख्यांचीच निवड करतो. ह्यातील तिसरे विधान विशेष महत्त्वाचे आहे. शंभर मीटर धावणाऱ्याजवळ घड्याळ असते. म्हणून शेजारी कोण धावते ह्यावाचूनही त्याचे अडत नाही. कड्यावर चढणाऱ्याजवळ असे घड्याळ नसते. म्हणूनच तो शेजारच्या दोराकडे पाहतो.

आपल्याकडील तालमीच्या परंपरेने हे तत्त्व सिद्धान्तावाचूनच ओळखले होते. नव्या मल्लाची जोड कोणाशी लावावयाची हे वस्ताद ठरवतो. ती फार वरचढ असून चालत नाही व फार कमकुवत असूनही चालत नाही. वरचढाशी लढून मल्ल फक्त चीत होण्यास शिकतो, दुबळ्याशी लढून काहीच शिकत नाही. त्याच तालमीत जोर-बैठकांची मोजदाद मात्र ज्याची त्याने करावयाची असते. काल किती काढल्या व आज किती निघाल्या, एवढाच तेथील हिशेब. म्हणजे जोडीशी तुलना व स्वतःशी तुलना ह्या दोन्ही पद्धती एकाच छपराखाली, पण वेगवेगळ्या कामांसाठी नांदत होत्या. आरोहणाच्या शिक्षणात नेमका हाच भेद पुसट झालेला दिसतो.

श्रेणी म्हणजे माप काय?

ह्यावर असा आक्षेप घेता येईल, की प्रस्तरारोहणात काठिण्याच्या श्रेणी आहेतच. तेव्हा वस्तुनिष्ठ माप नाही असे कसे म्हणता येईल? श्रेणींचा इतिहास पाहिल्यास ह्या आक्षेपाची मर्यादा ध्यानात येते. विलो वेल्झेनबाख ह्या जर्मन गिर्यारोहकाने १९२० च्या दशकात सहा पायऱ्यांची श्रेणी रूढ केली. अमेरिकेत योसेमिटीच्या नावाने ओळखली जाणारी दशांश पद्धती, फ्रान्समधील अंक व अक्षरांची पद्धती, आणि लहान शिळांवरील चढाईसाठी जॉन शर्मन याच्या ‘व्ही’ श्रेणी, अशा अनेक पद्धती पुढे निर्माण झाल्या. त्यांची परस्परांशी सांगड घालण्यासाठी प्रस्तरारोहणाच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१५ मध्ये एक समान अंकपट्टी सुचविली. संशोधनात भाग घेणाऱ्या आरोहकांचे निम्न, मध्यम, प्रगत, उच्च व अत्युच्च असे गट कसे पाडावेत, हेही तीत सांगितले आहे.

परंतु ह्या सर्व पद्धतींचे मूळ एकच आहे : अनेक आरोहकांचे एकमत. सेंटीमीटर जसा कोणाच्या मतावर अवलंबून नसतो तशी श्रेणी नसते. एखादा मार्ग प्रथम चढणारा ती सुचवितो, नंतर चढणारे ती मान्य करतात अथवा बदलतात. म्हणजे श्रेणी हीसुद्धा मुळात साठवून ठेवलेली सामाजिक तुलनाच होय. शिवाय श्रेणी मार्गाची असते, मनुष्याची नसते. एकाच श्रेणीच्या दोन मार्गांपैकी एकात बोटांची ताकद लागेल, तर दुसऱ्यात पायांचा तोल. उंच मनुष्यास जी पकड सहज मिळते तिच्यासाठी बुटक्यास मध्ये आणखी एक खाच शोधावी लागेल.

सह्याद्रीत ह्यात आणखी एक अडचण येते. तेथील खडक हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झालेला बेसाल्ट आहे. एका थरात तो घट्ट व विश्वसनीय असतो, तर लगतच्या थरात भुसभुशीत. कड्यांमधील आडव्या पट्ट्यांवर गवत व घसारा साचतो. पावसाळ्यानंतर लगेच ओलसर असलेला टप्पा हिवाळ्यात कोरडा होतो आणि तोच मार्ग निराळा भासतो. तेव्हा एकाने सप्टेंबरात केलेली चढाई व दुसऱ्याने जानेवारीत केलेली चढाई ह्यांची श्रेणी कागदावर एक असली, तरी काम एक नव्हते.

तुलनेतील चार दोष

श्रेणी हे माप म्हणून अपुरे ठरल्यावर नवारोहक क्रमाकडे वळतो : आमच्या तुकडीत माझा क्रमांक कितवा? ह्या क्रमवारीत निदान चार दोष संभवतात.

पहिला दोष असा, की क्रम हा माझ्यावर जितका अवलंबून असतो तितकाच इतरांवरही असतो. ह्याचे बोलके उदाहरण २०२१ मध्ये भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमधील आहे. आरोहणाचा समावेश ऑलिंपिकमध्ये तेव्हा प्रथमच झाला. वेग, शिळारोहण व आघाडीची चढाई ह्या तीन प्रकारांतील क्रमांकांचा गुणाकार करून गुण ठरविले जात. गुणाकार जितका लहान तितके स्थान वरचे. पुरुषांच्या अंतिम फेरीत चेक आरोहक आडाम ओंड्रा वेगात चौथा व शिळारोहणात सहावा होता. आघाडीच्या चढाईत तो पहिला राहता तर त्याचा गुणाकार २४ झाला असता. ऑस्ट्रियाच्या याकोब शूबर्टने मार्गाचा माथा गाठला, ओंड्रा दुसरा ठरला, आणि गुणाकार २४ चा ४८ होऊन तो एकंदरीत सहावा आला. ओंड्राने स्वतः जी चढाई केली होती तीत एका पकडीचाही फरक पडला नव्हता. ज्याच्या कौशल्याविषयी कोणास शंका नाही त्याच्याही बाबतीत क्रम इतका चंचल ठरतो. मग दहा दिवसांच्या शिबिरातील क्रमाने नवशिक्याने आपले भवितव्य ठरवावे हे कितपत उचित?

दुसरा दोष संदर्भगटाचा. हर्बर्ट मार्श व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८४ पासून शालेय विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून दाखवून दिले, की सारख्याच क्षमतेचे दोन विद्यार्थी घेतले असता, हुशार मुलांच्या शाळेत असलेल्याचे स्वतःविषयीचे मत सामान्य शाळेतील विद्यार्थ्यापेक्षा खालचे असते. लहान डबक्यातील मोठ्या माशाच्या उपमेने हा परिणाम ओळखला जातो. वाशिमचा विद्यार्थी गावी असताना ‘कड्यावर चढणारा एकमेव’ म्हणून स्वतःस मोठा समजतो आणि शिबिरात जाताच शून्य समजू लागतो. आठवड्याभरात त्याची क्षमता मात्र बदललेली नसते. बदललेले असते ते डबके.

तिसरा दोष निवडीचा. कड्याच्या पायथ्याशी जे अनुभवी आरोहक दिसतात ते टिकून राहिलेले असतात. त्यांच्याबरोबर सुरुवात करून ज्यांनी हा खेळ सोडला ते तेथे दिसत नाहीत. त्यामुळे नवारोहकापुढे येणारा नमुना एकांगी असतो. चित्रफितींत हा दोष पराकोटीस जातो. तीत यशस्वी ठरलेला एकच प्रयत्न दाखविला जातो. त्यापूर्वीच्या फसलेल्या प्रयत्नांची संख्या दाखविली जात नाही. स्वतःचे मात्र सर्वच प्रयत्न आपणांस ठाऊक असतात. आपल्या सरासरीची दुसऱ्याच्या उच्चांकाशी तुलना करणे हे संख्याशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्यास मान्य होणार नाही.

चौथा दोष काळाचा. न्यूएल व रोझेनब्लूम ह्यांनी १९८१ मध्ये सरावाचा घातनियम मांडला. सरावाने होणारी सुधारणा आरंभी झपाट्याची व पुढे मंद होत जाते, असा त्याचा सारांश. म्हणून तिसऱ्या महिन्यात असलेल्याने पहिल्या महिन्यातील सोबत्याचा वेग पाहून खंत करणे व्यर्थ होय; दोघे एकाच वक्राच्या दोन भागांवर उभे आहेत. ह्यातच समाश्रयणाची भर पडते. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये आईबापांच्या व मुलांच्या उंचीच्या अभ्यासातून दाखविल्याप्रमाणे, टोकाच्या मोजमापामागून येणारे मोजमाप सरासरीकडे झुकते. एखाद्या दिवशी असाधारण चांगली चढाई झाली, तर पुढील दिवशीची सामान्य चढाई ही ‘अधोगती’ नसून बहुतांशी अपेक्षित गोष्ट असते.

अंतर कशाने पडते?

दोन आरोहकांतील अंतर उपजत शरीरयष्टीने पडते, अशी समजूत नवशिक्यांत रूढ आहे. ‘तो सडपातळ आहे’, ‘तिचे हात लांब आहेत’ ही कारणे सहज ओठांवर येतात. मर्मिए व तिच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २४ पुरुष व २० स्त्रिया अशा ४४ आरोहकांची मोजमापे घेतली. चढाईतील फरकांपैकी ५८.९ टक्के फरकाचा उलगडा प्रशिक्षणाने बदलू शकणाऱ्या घटकांनी झाला; शरीरमापांचा वाटा अवघा ०.३ टक्के व लवचिकतेचा १.८ टक्के निघाला. ४४ हा नमुना लहान आहे, आणि उर्वरित फरकात तंत्र, धैर्य व मार्ग वाचण्याची दृष्टी ह्यांचा समावेश असू शकेल. तेव्हा ह्या आकड्यांस अंतिम मानू नये. तरीही त्यांचा रोख स्पष्ट आहे. जे अंतर दिसते ते मुख्यतः कामाचे आहे.

परंतु काम म्हणजे घाई नव्हे. स्नायू काही आठवड्यांत बळावतात. बोटांतील कंडरा व त्यांस हाडाशी धरून ठेवणारी वलये ह्यांस त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. शेजाऱ्यास गाठण्याच्या ईर्ष्येने जो नवारोहक पहिल्याच वर्षी अतिबारीक पकडींवर सर्व भार टाकतो त्याच्या स्नायूंची तयारी झालेली असते, वलयांची नसते. आरोहकांच्या बोटांतील वलय तुटण्याची इजा सर्वपरिचित आहे. चुकीच्या तुलनेची किंमत अशा रीतीने मनाबरोबर शरीरासही द्यावी लागते.

दोन प्रकारची मोजणी

आतापर्यंतच्या विवेचनावरून तुलना त्याज्य आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. प्रश्न आहे तो हेतूचा. रॉबर्ट ग्लेसर ह्या शिक्षणशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये दोन प्रकारच्या मूल्यमापनांत जो भेद केला तो येथे उपयोगी पडतो. एका प्रकारात विद्यार्थ्याचे स्थान गटाच्या मानाने ठरविले जाते; दुसऱ्यात आधी निश्चित केलेला निकष त्याने गाठला की नाही एवढेच पाहिले जाते. पहिल्यास सापेक्ष व दुसऱ्यास निकषाधिष्ठित मूल्यमापन म्हणू.

सुरक्षिततेशी संबंधित असलेली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या प्रकारातच मोडली पाहिजे. गाठ नीट बसली आहे काय, सोबती घसरल्यास बिले देणारा दोर रोखू शकतो काय, मेख तपासल्यावाचून तीत भार टाकला गेला काय, ह्या प्रश्नांची उत्तरे ‘होय’ किंवा ‘नाही’ अशीच असतात. तुकडीत गाठ मारण्यात जो पहिला आला त्याची गाठ जर सुटणारी असेल, तर त्याच्या पहिल्या क्रमांकाचा खाली लोंबकळणाऱ्या सोबत्यास काय उपयोग? उलट, सर्वांत शेवटी आलेल्याची गाठ पक्की असेल तर तो उत्तीर्णच होय. दार्जिलिंग येथे १९५४ मध्ये व उत्तरकाशी येथे १९६५ मध्ये स्थापन झालेल्या गिर्यारोहण संस्थांत प्राथमिक अभ्यासक्रमात ‘अ’ श्रेणी मिळविल्यावाचून प्रगत अभ्यासक्रमास प्रवेश मिळत नाही. त्यामागील तत्त्वही पुढील कामाच्या पात्रतेचेच आहे.

शिखर गाठणे हा निकष मात्र फसवा असतो. २०१८ च्या मे महिन्यात आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’ ह्या उपक्रमातून चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. विदर्भातील ही मुले थोड्याच काळापूर्वी गिर्यारोहणास नवखी होती, हे ध्यानात घेता त्यांचे यश थोरच आहे. पण त्याच चमूतील ज्यांस माथ्यावर पोहोचता आले नाही ते कमी प्रतीचे आरोहक होते, असे अनुमान त्यावरून निघत नाही. अतिउच्च पर्वतावर हवामान, प्रकृती व दिवसाची निवड ह्यांचा वाटा मोठा असतो. आणि योग्य वेळी मागे फिरणे ही आरोहकाची एक मोठी पात्रता आहे, जी शिखरांच्या यादीत कधीच नोंदली जात नाही.

स्वतःशी तुलना : एक व्यवहार्य पद्धती

स्ट्युअर्ट आल्बर्टने १९७७ मध्ये फेस्टिंगरच्या सिद्धान्तास पूरक असा कालिक तुलनेचा विचार मांडला. त्यात मनुष्य आजच्या स्वतःची पूर्वीच्या स्वतःशी तुलना करतो. जॉन निकोल्सने १९८४ मध्ये दाखविलेला भेदही ह्याला जोडून पाहावा : काहींच्या लेखी यश म्हणजे इतरांवर मात, तर काहींच्या लेखी यश म्हणजे कामावर अधिक प्रभुत्व. दुसरी वृत्ती असलेला विद्यार्थी अपयशानंतरही प्रयत्न चालू ठेवण्याचा संभव अधिक असतो.

परंतु स्वतःशी तुलना करावयाची तर तिलाही माप हवे. नुसत्या आठवणीवर ती होत नाही, कारण आठवण आजच्या मनःस्थितीप्रमाणे रंग घेते. त्यासाठी पुढील पद्धती सुचवावीशी वाटते. विद्यार्थ्याने आपल्या आवाक्यातील, पण परस्परांहून भिन्न असे पाच ठराविक टप्पे निवडावेत. कृत्रिम भिंत नसल्यास सुरक्षित उंचीच्या शिळाही चालतील. दर सहा आठवड्यांनी, विश्रांतीनंतर, त्याच टप्प्यांवर प्रत्येकी चार प्रयत्न करावेत. यशस्वी प्रयत्न, घसरणे, मध्ये घेतलेली विश्रांती, खडक ओला की कोरडा व बोटांची अवस्था एवढे वहीत नोंदवावे. शक्य असल्यास बिले देणाऱ्यानेही स्वतंत्र नोंद करावी.

समजा, ‘क’ हा विद्यार्थी आरंभी वीस प्रयत्नांपैकी ४ मध्ये यशस्वी झाला व बारा आठवड्यांनी ९ मध्ये. ‘ख’ ही विद्यार्थिनी आरंभी १२ व नंतर १४ मध्ये. क्रमाने पाहता ‘क’ दोन्ही वेळा मागेच आहे. स्वतःच्या मानाने मात्र त्याची भर ५ ची आहे, ‘ख’ची २ ची. तेव्हा ‘क’ अधिक वेगाने शिकत आहे असे म्हणावे काय? तेही घाईचे होईल. ‘ख’स ते टप्पे आधीच सोपे होते, वाढीस जागाच थोडी उरली होती. तिच्यासाठी अधिक कठीण टप्पे निवडावयास हवेत. म्हणजे वृद्धीच्या आकड्यांचीही पुन्हा शर्यत लावता येत नाही. ते ज्याचे त्याने वाचावयाचे असतात.

मग इतरांकडे पाहावयाचेच नाही काय? अवश्य पाहावे, पण क्रमासाठी नव्हे, माहितीसाठी. आपण जेथे अडलो तेथे दुसऱ्याने पाय कोठे ठेवला, शरीर भिंतीशी किती जवळ आणले, श्वास केव्हा घेतला, हे पाहणे म्हणजे शिकणे. ह्या कामी जगज्जेत्यापेक्षा आपल्याहून दोन पायऱ्या पुढे असलेला सोबती अधिक उपयोगी, कारण त्याच्या हालचाली आपल्या शरीरास अनुकरण करता येण्याजोग्या असतात. तालमीतील ‘जोड’ ह्या कल्पनेचे आधुनिक रूप हेच होय.

उपसंहार

सारांश, तीन प्रश्नांस तीन निरनिराळी मापे लावावयास हवीत. ‘मी सुरक्षित आहे काय?’ ह्यास निश्चित निकष; ‘मी सुधारत आहे काय?’ ह्यास स्वतःच्या जुन्या नोंदी. आणि ‘पुढे काय शिकावे?’ ह्यास आपल्यासारख्या पण किंचित पुढे असलेल्या सोबत्यांचे निरीक्षण. ह्यांची गल्लत झाली की निराशा, इजा अथवा अपघात ह्यांपैकी एक पदरी पडते.

संशोधन करू इच्छिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी येथे क्षेत्र मोकळे आहे. मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या, सोबती थोडे असलेल्या नवारोहकांची स्वतःविषयीची अनुमाने प्रत्यक्ष चढाईशी कितपत जुळतात. शिबिरापूर्वी, शिबिरात व शिबिरानंतर ती कशी बदलतात. आणि वही ठेवणारे विद्यार्थी न ठेवणाऱ्यांपेक्षा अधिक काळ टिकतात काय, हे प्रश्न वाशिम, अकोला व अमरावती ह्या जिल्ह्यांतील महाविद्यालयांत अल्प खर्चात अभ्यासता येतील. त्यासाठी उंच कडा लागत नाही. काही शिळा, एक दोर, जाणकार मार्गदर्शक आणि नियमित नोंद एवढ्यावर आरंभ होऊ शकतो.